सुतारमेजावरील खुंट्यांची भोके सरळ कशी पाडावीत?

पेरणीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे गावातील सुताराच्या अंगणात तिफणी, पाभरी व कुळव यांची गर्दी होते. ट्रॅक्टर व लोखंडी पेरणीयंत्रे आता पुष्कळ गावांत आली असली, तरी बैलांवर शेती करणाऱ्या शेतकऱ्याला लाकडी औजारांची डागडुजी चुकलेली नाही. तिफणीच्या दिंडातील भोके सारख्या अंतरावर नसली, तर पिकाच्या ओळी सारख्या पडत नाहीत. आणि ओळी सारख्या नसल्या, तर कोळपे तणाबरोबर पीकही कापते. सुताराच्या हातून झालेली भोकाची चूक अशा रीतीने पुढे शेतात उगवते.

काम अचूक व्हावयाचे, तर लाकूड आधी स्थिर राहिले पाहिजे. जमिनीवर बसून पायाने लाकूड धरण्याची आपल्याकडील पद्धत जुनी आहे. परंतु वाकस निसटला, की तो पायावरच येतो. यावर चांगला उपाय म्हणजे उभ्याने काम करावयाचे भक्कम मेज. त्याच्या फळीत ओळीने गोल भोके पाडतात व त्यांत खुंट्या बसवितात. मेजाच्या टोकास शेगडा, म्हणजे वाइस, असतो. शेगड्यावरील खुंटी व फळीतील खुंटी यांच्यामध्ये लाकूड दाबले, की दोन्ही हात रंधा चालविण्यास मोकळे राहतात. ही योजना नवी नव्हे. फ्रान्समधील आंद्रे जाकोब रूबो याने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील ग्रंथातही भोके असलेल्या मेजाचे वर्णन आहे.

अचूकपणा कशात हवा?

भोके पाडताना बहुतेक जण दोन भोकांमधील अंतराची काळजी वाहतात. वस्तुतः सर्वांत महत्त्वाचा आहे तो भोकाचा उभा सरळपणा. त्याखालोखाल सर्व भोके एका रेषेत असणे. आणि मग अंतर. ७५ मिलिमीटर जाडीच्या फळीत गिरमिट केवळ एक अंश कलले, तरी खालच्या तोंडाशी भोक सुमारे १.३ मिलिमीटर सरकते. अशा भोकातील खुंटी तिरपी उभी राहते. ती मागे कललेली असली, तर शेगडा आवळताच लाकूड वर उचलले जाते आणि रंध्याखाली डुगडुगते.

भोकाचे माप व खुंटीचे माप एकाच पद्धतीचे ठेवावे. बाजारात पाऊण इंची व २० मिलिमीटर अशी दोन्ही पाती मिळतात. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटरहून किंचित अधिक. पाऊण इंची खुंटी २० मिलिमीटरच्या भोकात घातली, तर ती जवळजवळ एक मिलिमीटर सैल राहते. म्हणून आधी खुंट्या व दाबून धरणारा लोखंडी आकडा हाती घ्यावा आणि मगच पाते निवडावे.

आखणी

उदाहरणादाखल १८०० मिलिमीटर लांब, ६०० रुंद व ७५ जाड अशी फळी घेऊ. लाकूड चांगले वाळलेले असावे. फळीचा पृष्ठभाग व पुढची कड रंधून सरळ केल्याखेरीज आखणीस हात घालू नये. पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर, शेगड्यावरील खुंटीच्या सरळ रेषेत, एक रेघ ओढावी. तिच्यावर दर १०० मिलिमीटरला खूण करावी. शेगड्याचा जबडा जितका उघडतो, त्यापेक्षा भोकांमधील अंतर कमी असावे. नाहीतर काही लांबीची लाकडे धरताच येणार नाहीत.

सर्व खुणा एकाच टोकापासून, पट्टी न उचलता कराव्यात. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या मेजाच्या वेळी कंपासाने एका खुणेवरून पुढची, तिच्यावरून पुढची, अशी आखणी केली. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला, तो बाराव्या खुणेपर्यंत सहा मिलिमीटर झाला. शिवाय फळीखाली मेजाचा पाय कोठे येतो हे पाहिलेच नव्हते. एक भोक नेमके पायावर आले व गिरमिटाचे पाते खिळ्यावर बोथटले. म्हणून पाय, आडपट्ट्या व शेगड्याचे दांडे यांच्या जागा वरच्या बाजूस आधी खडूने दाखवाव्यात. खुणा पक्क्या झाल्यावर प्रत्येकीवर टोच्याने खळगी करावी, म्हणजे पात्याचे टोक घसरत नाही.

भोकांच्या दोन ओळी करावयाच्या असतील, तर काटकोन पुढील रीतीने तपासावा. कोपऱ्यातील खुणेपासून लांबीकडे ४०० व रुंदीकडे ३०० मिलिमीटर मोजावे. त्या दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर ५०० भरले, तर कोन काटकोन आहे.

मार्गदर्शक ठोकळा

हात कितीही सरावलेला असो, बारा भोके नुसत्या नजरेने सरळ पडत नाहीत. तेव्हा बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा ठोकळा घ्यावा. तालुक्याच्या गावी एखाद्या कार्यशाळेत उभ्या ड्रिल यंत्रावर त्यात काटकोनात भोक पाडून आणावे. ठोकळ्याच्या कडेला एक पट्टी अशी ठोकावी, की ती मेजाच्या पुढच्या कडेला टेकली म्हणजे भोकाचा मध्य बरोबर ७५ मिलिमीटरवर येईल. यामुळे सर्व भोके आपोआप एका रेषेत येतात.

पहिले भोक मेजात न पाडता तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ लाकडात पाडावे. त्यात सरळ खुंटी उभी करून दोन्ही दिशांनी गुण्या लावून पाहावा. गुण्या व खुंटी यांमध्ये उजेड दिसला, तर ठोकळा दुरुस्त करावा. मेज खर्ची घालू नये.

भोक पाडताना

१. ठोकळा खुणेवर ठेवून क्लँपने घट्ट आवळावा. हाताने धरू नये.

२. ठोकळ्यातून ३० मिलिमीटर खोल भोक पाडावे. मग ठोकळा काढून उरलेले भोक पूर्ण करावे. पाडलेला भागच पात्याला वाट दाखवितो.

३. विजेचे ड्रिल असल्यास वेग कमी ठेवावा व बाजूची मूठ धरावी. जाड पाते अडकले, की यंत्र मनगटाला जोराचा हिसका देते. डोळ्यांवर चष्मा असावा.

४. मधूनमधून पाते वर घेऊन भुसा काढावा.

५. पात्याचे टोक खालून दिसू लागताच थांबावे व उरलेले भोक खालच्या बाजूने पाडावे. किंवा खाली टाकाऊ फळी घट्ट बांधावी. तसे न केल्यास खालचे लाकूड फुटते.

६. भोकाची वरची धार कानसीने दोन मिलिमीटर उतरती करावी, म्हणजे खुंटी काढता-घालताना चिरफळ्या निघत नाहीत.

खुंट्या लाकडाच्याच कराव्यात. रंधा चुकून लागला, तरी त्याचे पाते वाचते. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व गोल भोक किंचित लांबट होते. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसविलेली खुंटी श्रावणात अडकून राहते. म्हणून ती हाताने सहज सरकेल इतकी मोकळी ठेवावी.

तोच ठोकळा औजारांसाठी

मेज तयार झाल्यावर ठोकळ्याची युक्ती विसरू नये. तिफणीच्या दिंडात फण तिरपे बसतात. परंतु तिन्ही फणांचा तिरपेपणा सारखाच हवा. तेवढ्या तिरपेपणाचे भोक असलेला दुसरा ठोकळा केला, तर दिंडातील तिन्ही भोके सारखी सुरू होतात. मग ती पटाशीने हवी तशी चौकोनी करता येतात. दिंड मेजावर आवळलेले असल्याने ते हलतही नाही.

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील सुतारांना एकत्र बसवून असा एक ठोकळा करून दाखवावा. त्यास लाकडाचा एक तुकडा व एक सकाळ पुरते. हे काम मात्र उन्हाळ्यातच उरकावे. मृग लागल्यावर सुताराला उसंत नसते, आणि ओळी चुकलेली पेरणी परत करता येत नाही.