आठवीची अट गेली, वाचनाची नाही

मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टेम्पोच्या चाकामागे आपल्या वस्तीतलाही तरुण असतो. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट केंद्राने २०१९ मध्ये रद्द केली. धोकादायक माल वगळता, हलक्या वाहनाच्या परवान्यावर भारासह ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. हे ठाऊक नसलेला चालक दलालापुढे आणि अपघातानंतर विमा कंपनीपुढे हतबल होतो.

शिकाऊ परवान्याच्या चाचणीत वाहतुकीच्या खुणा, अपघातावेळची कर्तव्ये, जवळ बाळगायची कागदपत्रे विचारतात. म्हणून आम्ही म्हणतो, नियमांची पुस्तिका विहारात मोठ्याने वाचा. शाळा सुटलेल्यालाही कायदा कानाने शिकता येतो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क दलालाच्या खिशात का ठेवायचा?