थंड पाण्याची ओळख सावकाश व्हावी

नोकरी-व्यवसायातून मोकळे झाल्यावर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी राहावयास जाणारे आईवडील आता मराठी घरांत अपवाद राहिलेले नाहीत. अमेरिकेच्या वायव्य टोकाचे सिएटल हे अशा मुक्कामांपैकी एक. संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे तेथे पुष्कळ मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. नातवंडे शाळेत गेली, मुलगा-सून कामाला लागली, की ज्येष्ठांचा दिवस एकाएकी रिकामा होतो. घरापासून थोड्या अंतरावर मात्र समुद्राचा एक लांबलचक फाटा जमिनीत शिरलेला असतो. त्याचे नाव प्युजेट साउंड. शनिवारी-रविवारी त्याच्या काठी काळे पोशाख चढवलेली, पाठीवर सिलिंडर बांधलेली माणसे पाण्यात उतरताना दिसतात, आणि त्यांतील कित्येकांचे केस पांढरे असतात.

ज्यांनी कधी तारकर्लीला नातवाबरोबर स्कूबा डायव्हिंगची गंमत अनुभवली आहे, त्यांच्या मनात तेथे एक प्रश्न हमखास उठतो : हे आपल्याला जमेल काय? या प्रश्नाला होकार किंवा नकार केवळ वयावरून देता येत नाही. ब्रिटनचे रे वुली यांनी २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’ या जहाजापर्यंत डुबी मारली होती. पण त्यांच्या गाठीशी अनेक दशकांचा सराव होता. साठीनंतर प्रथमच थंड पाण्याकडे वळणाऱ्याने त्यांच्या वयाकडे न पाहता त्या सरावाकडे पाहावे. थंड पाण्याशी मैत्री होते. परंतु ती पायरीपायरीनेच होते, आणि पहिली पायरी समुद्रात नसून डॉक्टरांच्या खोलीत असते.

दोन समुद्र, दोन स्वभाव

मालवण-तारकर्लीच्या समुद्राचे तापमान साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअस असते. तेथे पर्यटकांना जो अनुभव मिळतो, त्यात प्रशिक्षक हाताला धरून काही मीटर खोल नेतो आणि सुखरूप वर आणतो. अनुभव सुंदर असला तरी ते प्रशिक्षण नव्हे.

प्युजेट साउंडचे पाणी हिवाळ्यात ७ ते ९ अंशांवर असते आणि भर उन्हाळ्यातही थोडे खाली गेले की १२-१३ अंशांच्या आसपासच राहते. पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. म्हणून बारा अंशांच्या हवेत स्वेटर घालून सुखाने फिरणारे आपण बारा अंशांच्या पाण्यात काही मिनिटांतच गारठतो. शिवाय वसंत-उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ होऊन तेथील पाणी हिरवट व गढूळ होते. पाणी सर्वांत स्वच्छ असते ते हिवाळ्यात, म्हणजे सर्वांत थंड असते तेव्हाच. भरती-ओहोटीचे प्रवाहही जोरदार असतात. कोकणातील वाचकांना उधाण आणि भांग यांतील फरक सांगावयास नको. तेथेही वेळापत्रक पाहून, पाणी स्थिरावण्याच्या सुमारासच उतरतात.

शरीरात काय घडते?

थंड पाण्याचा स्पर्श होताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. मग धाप लागते, नाडी धावू लागते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. या धक्क्याचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असतो व दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. त्याच वेळी चेहऱ्यावर पडलेले गार पाणी हृदयाची गती मंदावण्याचा उलटा हुकूम देते. तरुण, निरोगी हृदय हे दोन परस्परविरोधी आदेश निभावून नेते. आजारी किंवा थकलेल्या हृदयाची लय मात्र त्यामुळे बिघडू शकते.

दुसरी गोष्ट कमी परिचित आहे. गळ्यापर्यंत पाण्यात शिरल्यावर हातापायांतील अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते. थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या त्यात भर घालतात. क्वचित प्रसंगी फुप्फुसांत पाणी साचू लागते. खोकला, न थांबणारी धाप, गुलाबी फेस ही त्याची चिन्हे होत. वाढते वय, उच्च रक्तदाब आणि थंड पाणी या तिन्हींमुळे हा धोका वाढतो. अशी धाप लागली तर ‘दमलो असेन’ म्हणून पोहत राहू नये. ताबडतोब, पण शांतपणे पाण्याबाहेर यावे, प्राणवायू घ्यावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी १९८० पासून काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या अहवालांत, उतारवयातील पाणबुड्यांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे प्रमुख कारणांपैकी एक असल्याचे वारंवार दिसून आले आहे. म्हणूनच जोखमीचा मोठा भाग किनाऱ्यावरच, तपासणीच्या टेबलावर, ओळखता येतो.

डॉक्टरांना काय सांगावे, काय विचारावे?

प्रशिक्षणसंस्था आरंभी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. तीत पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी वेगळे प्रश्न असतात. एखादे उत्तर ‘होय’ आले की डॉक्टरांची सही लागते. ती टाळण्यासाठी रक्तदाबाची गोळी किंवा जुना दमा लपवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे होय. शक्य असल्यास डायव्हिंगचे वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि भारतातील जुने अहवाल, औषधांची पूर्ण यादी व शस्त्रक्रियांच्या तारखा बरोबर न्याव्यात.

हृदयाची ताणचाचणी आवश्यक आहे काय, हे आवर्जून विचारावे. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या श्रमाच्या वेळी नाडी वाढू देत नाहीत. अशा व्यक्तीला प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले तर शक्ती अपुरी पडू शकते. औषध मनाने बंद करू नये. पर्याय डॉक्टरच ठरवतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या कानात किंवा सायनसमध्ये दाबामुळे इजा झाली, तर रक्तस्राव अधिक होतो. दमा व फुप्फुसांचे जुने विकार असल्यास श्वसनक्षमतेची चाचणी हवी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्यात केव्हा उतरावे, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

मधुमेहींसाठी २००५ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. मधुमेह उत्तम नियंत्रणात असेल तरच विचार करावा. उतरण्यापूर्वी तासभर आधी, अर्धा तास आधी आणि अगदी निघताना अशी तीन वेळा साखर मोजावी. ती किमान १५० मिलिग्रॅम आणि स्थिर किंवा चढती असावी. एरवी हा आकडा पाहून आपण कपाळाला आठी घालू. पण थंडी व श्रम साखर झपाट्याने उतरवतात आणि पाण्याखाली कोणी पेढा भरवू शकत नाही.

कोरडा पोशाख

थंड पाण्यात पाणबुडे बहुधा ड्रायसूट वापरतात. मनगटाशी व मानेशी घट्ट बसणाऱ्या पट्ट्यांमुळे पाणी आत येत नाही. आतून लोकरी किंवा फ्लीसचे कपडे घालतात. सुती बनियन येथे उपयोगाचा नाही, कारण घामाने भिजलेले सूत अंग गार करते. मानेची पट्टी फार आवळलेली असेल तर गळ्यातील रक्तवाहिन्यांवर दाब येऊन चक्कर येऊ शकते. ‘नवीन आहे, सैल होईल’ असे म्हणून ती सहन करू नये. दुकानातच दुरुस्त करून घ्यावी.

वजनाचाही विचार करावा. सिलिंडर, शिशाची वजने आणि इतर साहित्य मिळून भार सहज तीस किलोंच्या वर जातो. तो पाठीवर घेऊन शेवाळलेल्या दगडांवरून चालणे हे गुडघे आणि कंबर यांची परीक्षा पाहणारे काम आहे. साहित्य पाण्यापर्यंत जोडीदाराने आणून द्यावे आणि आपण ते कंबरभर पाण्यात चढवावे. यात कमीपणा मुळीच नाही. चष्म्याचा नंबर असलेली मास्कची काच मिळते. संधिवाताची बोटे जाड हातमोज्यांत बकल सोडू शकतात की नाही, ते घरी पाहावे. कवळी असेल तर तोंडात रेग्युलेटर नीट धरता येतो काय, ते दंतवैद्यांना दाखवावे.

संकोचापोटी न बोलली जाणारी एक अडचण येथे सांगितलीच पाहिजे. पाण्यात शिरल्यावर लघवीची भावना वाढते. प्रोस्टेटचा त्रास असणारे, किंवा पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणारे, या धास्तीने सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. शरीर असे कोरडे पडणे घातक आहे. तसेच निघताना तांब्याभर पाणी एकदम पिणेही योग्य नाही. नेहमीइतके पाणी घ्यावे आणि ड्रायसूटच्या आत प्रौढांचा डायपर वापरावा. कित्येक तरुण पाणबुडेही तेच करतात.

शिकण्याचा क्रम

प्राथमिक अभ्यासक्रमात सहसा २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे यावे लागते. वेळेची अट नसते. म्हणून पहिले दोन-तीन महिने शहरातील गरम पाण्याच्या तलावालाच द्यावेत. त्यानंतर तलावातच स्कूबाचे धडे घ्यावेत. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा त्यातील पहिला नियम. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि श्वास कोंडला असेल तर फुप्फुस फाटू शकते. ड्रायसूटमध्येही हवा भरावी व सोडावी लागते. ती पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. म्हणून ड्रायसूटचा सरावही आधी तलावातच व्हावा.

समुद्रातील पहिल्या डुबीसाठी उथळ, ओळखीची जागा निवडावी. सिएटलच्या उत्तरेस एडमंड्स येथे फेरीबोटीच्या धक्क्याला लागून १९७० पासून पाण्याखालील उद्यान आहे. स्वयंसेवकांनी तळाशी दोर बांधून तेथे पायवाटा आखल्या आहेत. मासेमारीला बंदी असल्याने मोठमोठे लिंगकॉड मासे निर्धास्त पहुडलेले दिसतात. पांढऱ्या समुद्रफुलांचे ताटवे असतात. नशीब असेल तर कपारीत पॅसिफिकचा महाकाय ऑक्टोपसही दिसतो.

उतरताना घाई करू नये. कंबरभर पाण्यात उभे राहून चेहऱ्यावर पाणी घ्यावे. श्वास संथ होईपर्यंत थांबावे. प्रशिक्षकाने खूण केली तरी श्वास स्थिरावला नसेल तर मान हलवून नकार द्यावा. पहिल्या डुबीला पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. कुडकुडू लागण्यापूर्वीच परत फिरावे, कारण डुबीच्या शेवटी गारठलेल्या शरीरातून विरघळलेला नायट्रोजन नीट बाहेर पडत नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक नसावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. बाहेर आल्यावर लगेच कढत पाण्याने स्नान करू नये. कोरडे कपडे, टोपी व कोमट पेय पुरते. एका डुबीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुब्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा.

घरच्यांसाठी

मुलगा, सून, मुलगी, जावई यांच्याकडून दोन चुका संभवतात. एक, ‘या वयात काय हे खूळ!’ म्हणून विषयच बंद करणे. दुसरी, बाबांचा किंवा आईंचा वेळ जातो आहे ना, मग जाऊ द्या, म्हणून कागदपत्रांवर डोळे मिटून सह्या करणे. याऐवजी डॉक्टरांच्या भेटीला बरोबर जावे. आरोग्यविमा वाचावा, कारण पाहुण्यांसाठीच्या विम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते. किनाऱ्यावर थांबणाऱ्याजवळ औषधांची यादी, गरम कपडे आणि परतण्याची ठरलेली वेळ असावी.

डुबीनंतर सांधेदुखी, बधिरपणा, तोल जाणे, अंगावर चट्टे किंवा असाधारण थकवा दिसला तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. ९११ वर फोन करावा आणि डुबी मारल्याचे प्रथम सांगावे. दाबकक्षातील उपचारांची सोय सिएटलमध्ये व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात आहे.

पाणबुड्यांमध्ये एक चांगला रिवाज आहे. कोणीही, केव्हाही, कारण न देता डुबी रद्द करू शकतो, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. आपल्या घरांत ज्येष्ठांना असे म्हणणे जड जाते. मुलाने रजा काढलेली असते, पैसे भरलेले असतात, नात कॅमेरा घेऊन उभी असते. म्हणून घरच्यांनीच निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, ‘आज नको वाटले तर आपण नुसता चहा पिऊन परत येऊ.’ या एका वाक्याने अनेक अपघात टळतील.

तपासणीनंतर डॉक्टरांनी नकार दिला तर तो मानावा. गरम तलावातील पोहणे राहतेच. सिएटलच्या मत्स्यालयात तोच ऑक्टोपस काचेपलीकडून निवांत पाहता येतो. आणि होकार मिळाला, तर वर्ष लागले तरी चालेल. नव्या देशात आपले म्हणावे असे काही, आपल्या ओळखीची चार माणसे आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस मिळणे हेच मुळात मोलाचे आहे, आणि तलावातल्या पहिल्या धड्यापासूनच ते मिळू लागते.