दोन खाटांमधले वीस सेकंद

नर्सिंगमधला ताण नवा नाही. त्यावर रुग्णालयानंही काही करायला हवं, हा विचार मात्र अलीकडचा. गेल्या साडेचार दशकांत तो कुठवर आला, हे तपासायला हवं.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, अभ्यासक्रम सुरू केला. तो होता जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. विपश्यना, झेन आणि हठयोग ही त्याची मुळं. त्याआधी तीन वर्षं, १९७६ पासून, आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांची विपश्यना शिबिरं भरू लागली होती.

रुग्णांची सेवा करणाऱ्यांकडे लक्ष जायला आणखी पाव शतक गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय व्हॅली रुग्णालयातल्या परिचारिकांवरचा अभ्यास २००४-०५मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या सरावानंतर त्यांचा भावनिक थकवा कमी झाल्याचं दिसलं. पण तीन पाळ्यांत काम करून, घर सांभाळून रोजची बैठक जमवायची कशी? म्हणून २००६मध्ये कॅनडात चार आठवड्यांचा आटोपशीर कार्यक्रम करून पाहिला गेला. त्याचाही उपयोग झाला.

पुढे हा सराव थेट वॉर्डातच आला. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना सिस्टर हातांना सॅनिटायझर चोळते. त्याला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात तळव्यांचा गारवा जाणवू द्यायचा, दोन श्वास पूर्ण घ्यायचे, मागच्या खाटेवरची घालमेल तिथेच सोडायची आणि मग पुढच्या सलाइनला हात लावायचा. यासाठी वेगळी खोली लागत नाही की रजा लागत नाही.

याच पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांमधून २००२ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी दुसरी गोष्ट दाखवली होती. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ती कामानं पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यताही ७ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियानं २००४पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे कायद्यानं बांधून दिलं.

या दोन वाटांपैकी पहिलीच व्यवस्थापनांना जास्त आवडली, कारण ती स्वस्त पडते. कोविडच्या काळात पीपीई किट चढवून तासन् तास उभ्या राहिलेल्या परिचारिकांचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. पण मे २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांना कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर जावं लागलं.

म्हणून मागचा हिशेब मांडताना दोन्ही गोष्टी एकत्र ठेवायला हव्यात. सजगता परिचारिकेला खरोखर बळ देते, आणि ती ड्युटीच्या वेळेतच शिकवली जावी. पण वॉर्डात चौघींचं काम दोघी ओढत असतील, तर तिथला पहिला उपाय रिक्त पदं भरणं हाच आहे.