गोठ्यातला बैल आणि कोर्टातला मुद्देमाल

सकाळी शेण काढायचे, वैरण टाकायची, धार काढायची आणि अकराच्या ठोक्याला काळा कोट घालून कोर्टात हजर व्हायचे, असा आमचा दिनक्रम आहे. गोठ्यात दोन बैल, तीन गाई आणि दोन वासरे आहेत. हा गोठा ज्या जमिनीवर उभा आहे ती गायरानाची. आमच्या वडिलांनी मोलमजुरी करून ती वहितीखाली आणली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानातील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला, तेव्हा कुठे तिच्यावर हक्क सांगण्याची सोय झाली. जमिनीमागोमाग दावणीला बैल आला. म्हणजे जनावराबद्दल आम्ही जे बोलतो ते पुस्तकात वाचून नव्हे, हाताला शेण लागलेले असताना बोलतो.

तरीही परवा विहारातील बैठकीनंतर एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "जय भीम, वकील साहेब. तुम्ही रोज पंचशील म्हणता, घरी जनावरे पाळता, आणि कोर्टात मात्र जनावरांच्या व्यापाऱ्यांची, खाटकांची बाजू मांडता. हे कसे काय?" प्रश्न प्रामाणिक होता. तो टाळून चालणार नाही. समाजातील अनेकांच्या मनात तो आहे, म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आधी एक प्रकरण सांगतो. आमच्याकडे एक अल्पभूधारक शेतकरी पक्षकार म्हणून आला. त्याने म्हातारा झालेला बैल आठवडी बाजारात विकला. बाजाराची पावती केली. व्यापाऱ्याने बैल टेम्पोत चढवला. रस्त्यात गळ्यात पट्टे घातलेल्या पोरांनी टेम्पो अडवला, ड्रायव्हरला मारहाण केली आणि मग पोलिसांना बोलावले. गुन्हा नोंदला गेला तो व्यापारी आणि ड्रायव्हर यांच्यावर. पावतीवर नाव होते म्हणून शेतकऱ्यालाही आत घेतले. मारणारे मात्र फिर्यादी झाले! बैल गोशाळेत गेला. पंचनाम्यात तो 'मुद्देमाल' ठरला. आम्ही सुपुर्दनाम्यासाठी अर्ज केला. बऱ्याच तारखा झाल्या. आदेश मिळाला तेव्हा गोशाळेने खावटीचा हिशेब पुढे केला, आणि तो बैलाच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. पक्षकार म्हणाला, "साहेब, बैल माझा, घाम माझा अन् आरोपी बी मीच? राहू द्या तो बैल त्यांनाच." व्यापाऱ्याने दिलेले पैसे त्याला परत करावे लागले होते. त्या वर्षी त्याने दुसरा बैल घेतला नाही. ट्रॅक्टर भाड्याने लावला आणि सावकाराच्या वहीत नाव लिहिले.

शहरी वाचकांना इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. शेतकरी बैल विकतो तो बैल घेण्यासाठी. म्हाताऱ्या बैलाच्या पैशात घरची थोडी भर घालून नवा खोंड घ्यायचा, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. भाकड गाईच्या पैशात कालवड येते. जर्सी-होल्स्टिन गाईचा गोऱ्हा तर औताला चालतच नाही, कारण त्याला वशिंडच नसते. हे चक्र फिरते ठेवणारा शेवटचा माणूस म्हणजे खाटीक. तो विकत घेतो म्हणून म्हाताऱ्या जनावराला किंमत असते आणि त्यामुळेच तरण्या जनावरालाही किंमत असते. हा शेवटचा खरेदीदार काढून घेतला की सगळ्या गोठ्याचे भांडवल बुडते. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि कालपर्यंत गप्प बसलेले शेतकरीही बोलू लागले. कळ लागल्यावरच का होईना, दुखणे कुठे आहे ते कळले.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण निकामी झालेला बैल दाखला घेऊन विकता येत असे. १९९५ साली विधिमंडळाने वळू आणि बैलांनाही बंदी लावणारी दुरुस्ती मंजूर केली. वीस वर्षे ती दिल्लीत पडून राहिली आणि २०१५ साली तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कत्तलीसाठी विकणे हासुद्धा गुन्हा. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील दोन कलमे रद्द केली. परराज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे ५-ड, आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे ९-ब. कत्तलबंदी मात्र कायम राहिली.

यामागे सर्वोच्च न्यायालयातील मोठा प्रवास आहे. १९५८ साली मोहम्मद हनिफ कुरेशी खटल्यात न्यायालयाने सांगितले होते की गाई-वासरांवर संपूर्ण बंदी चालेल, पण औताला निकामी झालेल्या बैलांवर संपूर्ण बंदी वाजवी नाही, कारण अपुऱ्या वैरणीत निकामी जनावर कामाच्या जनावराचा घास खाते. २००५ साली मिर्झापूर मोती कुरेशी प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने हे मत फिरवले. बैल कधीच निरुपयोगी होत नाही, तो शेण आणि मूत्र देतो, असे बहुमताने मानले. निकाल आम्हाला बंधनकारक आहे. पण शेणाच्या उत्पन्नावर बैलाची वैरण भागते का, हा हिशेब कोणत्याही गोठ्यात पाच मिनिटांत करून पाहता येतो.

आकडे काय सांगतात? २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला, म्हणजे दहा टक्के घट. ट्रॅक्टर वाढले, दुष्काळ पडले, हेही खरे. पण त्याच गणनेत पश्चिम बंगालचा गोवंश सुमारे १५ टक्क्यांनी वाढून १ कोटी ९० लाखांवर गेला आणि ते राज्य देशात पहिले आले. तिथे तेव्हा म्हातारे जनावर दाखला घेऊन कत्तलखान्यात नेता येत होते. ज्या कायद्याने गोवंश वाचणार होता, तो आल्यावर गोवंश घटला! याचे उत्तर गोरक्षणाच्या नावाने मते मागणाऱ्यांनी द्यावे.

आता त्या उपासकांचा मूळ प्रश्न. अंगुत्तर निकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यात शस्त्र, मद्य आणि विष यांच्याबरोबर प्राण्यांचा आणि मांसाचाही व्यापार आहे. हे आम्हाला माहीत आहे, ते लपवून आम्ही वकिली करत नाही. पण पंचशील ही शिक्षापदे आहेत. ती आपण स्वतः ग्रहण करतो. फौजदाराच्या भीतीने पाळलेले शील हे शील नव्हे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांतला फरक दाखवला आहे, आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा या दोन गोष्टीही वेगळ्या केल्या आहेत. अहिंसा हे तत्त्व आहे, ते माणसाला विचार करायला लावते. गोरक्षकाच्या हातातली काठी विचार करायला लावत नाही.

आणखी एक सुत्त प्रत्येक उपासकाने वाचावे, दीघ निकायातील कूटदंत सुत्त. कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी सातशे बैल आणि इतर शेकडो पशू बांधून ठेवले होते. भगवंतांनी त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. त्या राजाच्या पुरोहिताने सल्ला दिला की चोर-दरोडेखोरांना शिक्षा करून राज्य शांत होणार नाही. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, सेवकांना वेतन द्या. कथा ऐकून कूटदंताने आपले पशू गवताला आणि पाण्याला सोडून दिले. बैल वाचला, पण पोलीस पाठवून नव्हे. राजाने आधी गोपालकाला चारा दिला. बुद्धाची करुणा ही अशी, जनावराबरोबर जनावर पाळणाऱ्याचाही विचार करणारी.

या कसोटीवर आमचे सरकार तपासा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले गेले. गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदानाचा निर्णयही झाला. गोशाळेला पन्नास रुपये! आणि ज्याने ती गाय जन्मापासून सांभाळली, तिची धार काढून पोरे शिकवली, त्याच्या गोठ्याला किती? शून्य. त्याचे जनावर गोशाळेत पोहोचल्यावरच सरकारला त्याची भूक दिसते.

काही जण आम्हाला महाडची आठवण देतात. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले, मग तुम्ही मांसाच्या धंद्याची बाजू कशी घेता, असे म्हणतात. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. गावाने फेकलेले खाण्याची आणि गावाची मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती. आपल्या मालकीचे जनावर भर बाजारात, पावती करून, योग्य भावाने विकणे ही लाचारी नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. उलट ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात फटके मारले गेले, तेव्हा सक्ती आणि शिक्षा दोन्ही कुणाच्या वाट्याला येतात हे साऱ्या देशाने पाहिले.

गोठेवाल्याने मांसाच्या बाजाराची बाजू उघडपणे मांडावी, हे जगात नवे नाही. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने दर जनावराच्या विक्रीमागे एक डॉलर बीफच्या प्रचारासाठी कापला जातो. तिथले पशुपालक ताठ मानेने सांगतात की आम्ही जनावरे वाढवतो आणि विकतो. त्यांच्यातही भांडणे आहेत. आमच्या डॉलरमधून मोठ्या कंपन्यांचे भले होते, अशी तक्रार घेऊन काही जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ साली हरले. पण निदान जनावर विकल्याबद्दल त्यांना तोंड लपवावे लागत नाही.

शेवटी आमच्याच गोठ्यातले सांगतो. आमचा एक बैल म्हातारा झाला आहे. त्याचे दात झिजले, औताला तो चालत नाही. आम्ही तो विकलेला नाही आणि विकणारही नाही. त्याची वैरण वकिलीच्या फीमधून येते. उपासक म्हणून आम्हाला हे परवडते. पण ज्याच्याकडे काळा कोट नाही, दोन एकर कोरडवाहू आहे आणि पोरीचे लग्न तोंडावर आहे, त्याने काय करावे? आमचे शील त्याच्यावर लादण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, निकामी बैल पशुवैद्यकाच्या दाखल्यावर विकण्याची १९७६ ची तरतूद पुन्हा आणा. दोन, ती आणायची नसेल तर ५० रुपये थेट शेतकऱ्याच्या दावणीला द्या, भाकड गाईला द्या आणि म्हाताऱ्या बैलालाही द्या. तीन, रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या खासगी टोळ्यांवर गुन्हे नोंदवा. झुंडबळींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या आदेशाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी असला पाहिजे. तो कोण आहे, हे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे.

आणि समाजबांधवांनो, जनावर विकताना बाजार समितीची पावती घ्या, ती जपून ठेवा, कोऱ्या कागदावर सही करू नका. गाडी अडवली तर भांडण न करता पोलिसांना फोन करा, अडवणाऱ्यांची नावे व गाडीचे नंबर लिहून घ्या, आणि वकिलाला बोलावल्याशिवाय जबाबावर अंगठा उठवू नका. बाकीचे आम्ही कोर्टात पाहून घेऊ. जय भीम!