ढाक्यातली डॉलरटंचाई आणि परतवाड्याचा संत्रा

परतवाडा-अचलपूर पट्ट्यातल्या संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. 2019पासून त्यानं आयातशुल्क वाढवत नेलं; 2023मध्ये ते किलोमागे 88 रुपयांवर गेलं. इथं व्यापारी फळं झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा सौदा करतो, म्हणून सीमेवरचा कर थेट बागाइतदाराच्या भावातून कापला जातो. आंबिया बहाराचा पिकलेला माल थांबत नाही, गळतो.

यावर कुणी म्हणेल, डॉलर आटलेल्या देशानं आधी इंधन आणावं की फळं? बरोबर आहे. जानेवारी 2023मध्ये नाणेनिधीकडून 4.7 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घेणाऱ्या देशाला दोष कसा द्यावा? जागतिक व्यापार संघटनेचे नियमही अशा तंगीत बंधनं घालू देतात, पण तात्पुरती. बांगलादेशात या बंधनांचा मुक्काम वाढला. अर्थात, आपणही डिसेंबर 2023मध्ये कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केलीच की! त्याच महिन्यात राज्यानं संत्र्यासाठी किलोमागे 44 रुपयांचं अनुदान जाहीर केलं. म्हणजे शेजाऱ्याच्या शुल्काचा निम्मा भार आपल्या तिजोरीवर. त्यापेक्षा शुल्कवाढीची आगाऊ सूचना आणि हंगामापुरती कमाल मर्यादा, एवढा करार दोघांनाही स्वस्त पडला असता. पण मग आगाऊ सूचनेची तीच अट आपल्या कांद्याच्या निर्यातबंदीलाही लावावी लागेल, आणि दिल्लीची खरी अडचण तिथंच आहे.