समासात न पोचलेली नोंद

शहराच्या दक्षिणेला कळंबा, पूर्वेला वळिवडे. मधे सगळं कोल्हापूर. कळंबा तलावाच्या बाजूला राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाला वर्षानुवर्षं ओढ लागली आहे ती त्या दुसऱ्या टोकाची. वळिवड्याच्या पोलिश छावणीची गोष्ट कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. १९४३ ते १९४८, मिरजेच्या रेल्वेलाइनीलगतच्या बराकी, सुमारे पाच हजार माणसं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा ही गोष्ट देशभर गेली. पुढची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. या माणसांची नातवंडं आज इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत आहेत. ती आजीचं मूळ शोधायला निघतात, तेव्हा कागद त्यांना कुठवर नेतो?

आपल्याकडे हेळवी दारात येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो. पोलिश कुटुंबाची वंशावळ पॅरिशच्या धर्मगुरूकडच्या वहीत असे. ही वही नुसती धर्माची नव्हती. पूर्वी ऑस्ट्रिया आणि रशियाच्या अमलाखाली असलेल्या पोलंडच्या भागांत चर्चची नोंद हीच सरकारी नोंद धरली जाई. १ जानेवारी १९४६पासून सगळ्यांसाठी एकच नागरी नोंदणी आली, तोवर हेच चाललं. त्यामुळे तिथे सरकारी कागद शोधणारा माणूसही शेवटी बाप्तिस्म्याच्या वहीपाशीच येतो. ऑस्ट्रियाच्या अमलातल्या ल्वुवकडच्या वह्या लॅटिनमध्ये, रकाने पाडलेल्या. रशियन अमलातल्या मध्य पोलंडात १८६८पासून रशियन भाषेत सलग परिच्छेद लिहिलेले, तारखा दोन-दोन पंचांगांतल्या.

या वहीतली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे समास. १९१७च्या कॅनन कायद्याप्रमाणे माणसाचं लग्न कुठेही लागो, तिथल्या धर्मगुरूनं त्याची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ पॅरिशला कळवायची आणि तिथे जन्माच्या नोंदीशेजारी समासात लग्न टिपायचं. एका पानावर माणसाचं अर्धं आयुष्य उमटतं ते असं. शोध घेणारे हा समास आधी पाहतात.

वळिवड्यात चर्च होतं, धर्मगुरू होते. तिथे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, दफनंही झाली. पण लग्नाची खबर कळवायची कुठे? या मंडळींची गावं पूर्व पोलंडातली, आणि तो मुलूख सोव्हिएत संघानं गिळलेला. १९४४ ते १९४६च्या स्थलांतरात तिथले पोलिश पॅरिश उठले. काही वह्या धर्मगुरूंनी पश्चिमेला नेल्या. ल्वुवचे आर्चबिशप बाझियाक १९४६ साली शहर सोडून गेले. त्या धर्मप्रांताचं अभिलेखागार आज क्राकुवमध्ये आहे. पूर्वेकडच्या वह्यांचा दुसरा मोठा साठा वॉर्साच्या नागरी नोंदणी कार्यालयात आहे. तिथल्या पानावर आजीचा बाप्तिस्मा सापडला, तरी शेजारचा समास कोरा असण्याचीच शक्यता जास्त. तो पाहून आजी अविवाहित राहिली, असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल.

म्हणून हा शोध उलट्या बाजूनं, शेवटच्या कागदापासून करावा लागतो. मुंबईहून ब्रिटनला गेलेल्यांची नावं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'बीटी २६' या मालिकेत, येणाऱ्या जहाजांच्या प्रवासीयाद्यांत पाहावीत. त्या काळी मुंबईहून निघणाऱ्या 'पोलाक व इंडियाख' या नियतकालिकाचे अंकही चाळावेत. त्यामागे इराणचा मुक्काम, आणि त्याही मागे सायबेरिया नि कझाकस्तान. १० फेब्रुवारी १९४०च्या पहिल्या हद्दपारीपासून सोव्हिएत संघानं तिकडे किती माणसं नेली, यावर मोठा वाद आहे. निर्वासित पोलिशांचे जुने अंदाज दहा लाखांच्या पुढे जातात. १९९०नंतर उघडलेल्या सोव्हिएत कागदांत चार लाटांची बेरीज सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. प्रस्तुत लेखकाला दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यामागे गाडीगणिक केलेल्या नोंदी आहेत. वॉर्सातल्या 'कार्ता' केंद्रानं दडपशाहीला बळी पडलेल्यांची नावनिशीवार सूची बनवली. एकेका घराचा शोध घेणाऱ्याला ही सूची कुठल्याही एकूण आकड्यापेक्षा उपयोगाची.

एक गुंता मात्र खास आहे. ५ जुलै १९४५ला ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. नव्या कम्युनिस्ट सरकारच्या हाती अनाथ मुलं पडू नयेत, म्हणून जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीच्या छावणीतल्या पोलिश मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं. १९४६ साली ती छावणी मिटली आणि तिथली मुलं वळिवड्याला आली. त्यांच्या वंशजांना पोलिश वंशावळीच्या मधोमध एका भारतीय राजाचं नाव भेटतं.

वळिवड्याच्या बराकी नंतर सिंधी निर्वासितांना मिळाल्या आणि गांधीनगर उभं राहिलं. तिथे कापड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं! या छावण्यांविषयीच्या दिल्लीतल्या आणि लंडनमधल्या फायलींवर अभ्यासकांनी काम केलं आहे. तसंच ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर घेऊन व्हायला हवं, आणि ते मोडी वाचता येणाऱ्यांनी करायला हवं.

पोलंडच्या कायद्याप्रमाणे जन्मनोंदी शंभर वर्षांनी नागरी कार्यालयातून राज्य अभिलेखागारात जातात आणि सर्वांना खुल्या होतात. १९४३ साली जी मुलगी अठरा वर्षांची होऊन वळिवड्याच्या स्टेशनावर उतरली, तिच्या जन्माच्या नोंदीला २०२५ साली शंभर वर्षं झाली. तिच्यासोबत उतरलेल्या दहा वर्षांच्या भावाच्या नोंदीला ती २०३३ साली होतील.