'हे एवढं संपू दे, मग प्रार्थना करतो': यावर ख्रिस्ती परंपरेनं शोधलेला दोन मिनिटांचा उपाय

दुपारचे बारा वाजलेत. समोर लॅपटॉप, हातात फोन, ऑफिसच्या ग्रुपवर न वाचलेल्या मेसेजचा ढीग आणि बॉसला पाच मिनिटांत हवी असलेली फाईल. अशा वेळी कुणी म्हणालं, "जरा प्रार्थना करून घे," तर आपलं उत्तर ठरलेलं असतं. "हे एवढं संपू दे, मग बसतो."

अडचण अशी की 'हे एवढं' कधीच संपत नाही. ही अडचण मोबाईल आल्यावर सुरू झालेली नाही, ती शेकडो वर्षं जुनी आहे. ख्रिस्ती परंपरेनं त्यावर शोधलेला उपायही तेवढाच जुना आहे. त्याचं नाव अँजेलस.

अँजेलस म्हणजे नेमकं काय?

ही कॅथलिक ख्रिस्ती लोकांची एक छोटी प्रार्थना. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, या तिच्या ठरलेल्या वेळा. वसईत किंवा गोव्यात राहिला असाल, तर या वेळांना वाजणारी चर्चची घंटा तुम्ही ऐकली असेल. पारंपरिक पद्धतीत तीन-तीन ठोके तीनदा पडतात, मध्ये थोडी उसंत असते आणि शेवटी सलग नऊ ठोके.

अँजेलस हा लॅटिन शब्द. अर्थ देवदूत. प्रार्थनेची सुरुवातच या शब्दानं होते, म्हणून तेच नाव पडलं. तिच्यात तीन टप्पे आहेत. देवदूतानं मरियेला निरोप दिला, तिनं होकार दिला आणि देवाचा शब्द माणूस होऊन आपल्यात राहिला. प्रत्येक टप्प्यानंतर एकदा 'नमो मारिया' म्हणायचं आणि शेवटी एक छोटी प्रार्थना. दोन मिनिटांत काम झालं.

ही पद्धत आली कुठून?

मठातले साधू दिवसातून अनेकदा ठरलेल्या वेळी प्रार्थनेला जमायचे. पण शेतकऱ्याला, सुताराला तेवढा वेळ कुठला? पुस्तकं महाग आणि बहुतेकांना वाचताही यायचं नाही. म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकात युरोपात संध्याकाळच्या घंटेबरोबर तीनदा 'नमो मारिया' म्हणायची पद्धत रुजत गेली. पुढे सकाळ आली. ऑटोमन सैन्यानं बेलग्रेडला वेढा घातला तेव्हा, १४५६ मध्ये, पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारीही घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबायची वेळ माणसानं ठरवायचीच नाही, ती घंटा ठरवते. काम अर्धवट असो, हात मातीत असोत, घंटा झाली की थांबायचं.

फ्रेंच चित्रकार मिले याचं 'अँजेलस' नावाचं प्रसिद्ध चित्र आहे, १८५७ ते १८५९ या काळातलं. शेतात बटाटे काढणारं एक जोडपं मान खाली घालून उभं आहे. लांब क्षितिजावर चर्चचा मनोरा दिसतो. शेतात काम करताना घंटा ऐकली की आपली आजी सगळ्यांना थांबवायची, ती आठवण या चित्रामागे असल्याचं मिलेनं सांगितलं होतं.

आयर्लंडमध्ये तर हीच घंटा १९५० पासून सरकारी रेडिओवर वाजते, पुढे ती टीव्हीवरही आली. सार्वजनिक वाहिनीवर एका पंथाची प्रार्थना कशाला, असा वादही तिथे होतो. आता टीव्हीवर घंटेबरोबर धार्मिक चित्रांऐवजी काम थांबवून शांत झालेली साधी माणसं दिसतात.

कॅथलिक नसलेल्यांचं काय?

अँजेलस मरियेशी जोडलेली असल्यामुळे प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती सहसा म्हणत नाहीत. पण दिवसातून तीनदा थांबायची सवय त्याहून जुनी आहे. 'डिडाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथात येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. ती जेमतेम अर्ध्या मिनिटात होते.

आणि तेवढाही वेळ नसेल तर? बायबलमधला नहेम्या आठवा. तो पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदार माणूस. राजा विचारतो, "तुला काय हवंय?" नहेम्या मनातल्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती प्रार्थना फार तर एका श्वासाची असणार.

आजच्या दिवसात हे कसं जमवायचं?

ऑफिसात चर्चची घंटा ऐकू येत नाही, तर फोनचा अलार्म लावा. त्याचा आवाज मात्र वेगळा ठेवा, म्हणजे तो मेसेजच्या गर्दीत हरवणार नाही.

अलार्म वाजला की फोन पालथा ठेवा. पाठ असलेली एक प्रार्थना म्हणा. त्या दिवशी डोक्यात असलेल्या एका माणसाचं नाव देवापुढे घ्या, ज्याच्याशी सकाळी वाजलं त्याचंही चालेल. मग कामाला लागा. गाडी चालवत असाल तर डोळे मिटायची गरज नाही, रुग्णाजवळ असाल तर हात जोडायचीही नाही. फार शब्दांची गरज नाही, हे येशूनंच सांगितलंय.

एखाद्या दिवशी चुकलं तर? बाराची घंटा हुकली तरी सहाची आहेच.

यानं ताण कमी होतो का?

होईलही, पण ही प्रार्थना त्यासाठी नाही. आपला दिवस आपल्या एकट्याच्या जोरावर चाललेला नाही, एवढी आठवण तिला करून द्यायची असते. काम काही कमी होत नाही. मिलेच्या चित्रातल्या त्या दोघांचीही घंटा थांबेल, ते मान वर करतील आणि टोपलीत बटाटे होते तेवढेच असतील.